एकाच चित्रपटाच्या दोन आवृत्त्या जमवताना

सर्गेई पाराजानोव यांचा 'द कलर ऑफ पोमेग्रेनेट्स' हा 1969 सालचा आर्मेनियन चित्रपट जेमतेम सव्वा तासाचा आहे, तरीही माझ्या कपाटाचा एक अख्खा कप्पा त्याने व्यापला आहे. त्यात वेगवेगळ्या देशांत निघालेल्या डिस्क आहेत, त्यांच्यासोबत आलेल्या पुस्तिका आहेत, पाराजानोव यांच्यावरची काही पुस्तके आहेत आणि मी स्वतः लिहून भरलेल्या टिपणवह्या आहेत. सांगलीसारख्या गावात राहून हा संग्रह कसा जमला आणि तो जमवता जमवता हा चित्रपट मला कसकसा उमगत गेला, ते सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. हा चित्रपट नुसता पाहून कळत नाही, त्याच्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात, हे माझे ठाम मत झाले आहे आणि ते कशामुळे झाले हेच मुख्यतः सांगायचे आहे.

चित्रपटाचा विषय सायत नोवा हा अठराव्या शतकातला कवी आहे. तो आशुग होता, म्हणजे आपल्या शाहिरांप्रमाणे स्वतः पदे रचून ती वाद्यावर गाणारा. आर्मेनियन, जॉर्जियन आणि अझरबैजानी अशा तिन्ही भाषांत त्याने रचना केली. जॉर्जियाच्या राजदरबारात तो होता, पुढे तो धर्मोपदेशक झाला, आणि 1795 साली इराणी फौजांनी तिफ्लिस (आजचे तिबिलिसी) लुटले त्या वेळी मारला गेला. इतका घटनाप्रधान जीवनक्रम हाताशी असताना पाराजानोव यांनी त्यातली एकही घटना कथेसारखी सांगितलेली नाही. कवीचे चरित्र सांगण्याचा हा प्रयत्न नसून त्याचे अंतर्विश्व उभे करण्याचा आहे, असे निवेदन पडद्यावर सुरुवातीलाच येते आणि पुढे चित्रपट ते शब्दशः पाळतो. पात्रे एकमेकांशी बोलत नाहीत. कॅमेरा जवळजवळ हलतच नाही. माणसे आपल्याकडे तोंड करून उभी राहतात, हातातली वस्तू संथपणे फिरवतात, आणि प्रत्येक चौकट जुन्या हस्तलिखितातल्या चित्रासारखी सपाट व समोरासमोर भिडते. सोफिको च्याऊरेली या जॉर्जियन अभिनेत्रीने तरुण कवी आणि त्याची प्रेयसी या दोन्ही भूमिका केल्या आहेत, शिवाय आणखीही काही भूमिका तिच्याच आहेत. प्रेमिक आणि प्रेमपात्र यांचा चेहरा एकच असणे, ही या चित्रपटातली मला सर्वांत धाडसी वाटलेली गोष्ट आहे.

मी तो प्रथम पाहिला तो शिक्षणासाठी पुण्यात असताना, एका फिल्म सोसायटीच्या खेळात. पांढऱ्या कापडावर ठेवलेली डाळिंबे आणि त्यांच्याखालून हळूहळू पसरत जाणारा लाल डाग, कोरीव अक्षरांच्या शिळेवर द्राक्षे तुडवणारे अनवाणी पाय, रंगाऱ्यांच्या हातांतून निथळणारी लोकरीची लडी, एवढेच त्या दिवशी माझ्याबरोबर आले. माझे आजोळ आटपाडीचे असल्यामुळे डाळिंबाचा डाग कापडावर कसा बसतो आणि धुतल्यावर कसा काळपट होत जातो हे मला लहानपणापासून ठाऊक होते, पण तो डाग इतका वेळ, इतक्या गांभीर्याने पाहायची गोष्ट असू शकते हे मला कोणी दाखवले नव्हते. पसरत गेलेल्या त्या डागात अनेकांना प्राचीन आर्मेनियाचा नकाशा दिसतो, हे मी फार पुढे वाचले. चित्रपटातली अधूनमधून येणारी लिखित वाक्ये त्या प्रतीत रशियन लिपीत होती, एवढे मात्र मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवले होते, आणि त्या नोंदीचा पुढे फार उपयोग झाला.

काही वर्षांनी अमेरिकेत असलेल्या माझ्या मावसभावाने, म्हणजे अविदादाने, गणपतीला घरी येताना या चित्रपटाची डीव्हीडी आणली. ती लावली तर लिखित वाक्ये वेगळ्याच, वळणदार लिपीत होती. ती लिपी आर्मेनियन होती. एवढेच नव्हे, तर पुण्यात पाहिलेल्या काही दृश्यांची जागाही बदलल्यासारखी वाटत होती. आठवणीवर भरवसा ठेवावा की डोळ्यांवर, असा प्रश्न पडला आणि त्याचे उत्तर शोधताना या चित्रपटाचा खरा इतिहास हाती लागला.

पाराजानोव यांनी हा चित्रपट येरेवानच्या आर्मेनफिल्म या सरकारी स्टुडिओसाठी 'सायत नोवा' या नावाने केला. कवीचे चरित्र यात कुठे आहे, असा आक्षेप सोव्हिएत चित्रपट खात्याने घेतला. परिणामी शीर्षकातून कवीचे नाव गेले आणि प्रकरणांच्या शीर्षकांतूनही त्याचा उल्लेख निघाला. आर्मेनियात प्रदर्शित झालेल्या त्या आवृत्तीसाठी हरांत मातेवोस्यान या लेखकाने नवा मजकूर लिहिला. देशभर दाखवण्यासाठी मात्र तीही चालेना, तेव्हा सर्गेई युत्केविच या ज्येष्ठ दिग्दर्शकाने तिचे पुन्हा संकलन केले. त्यांनी काही चौकटी गाळल्या, काही प्रसंगांचा क्रम बदलला आणि रशियन मजकूर घालून कवीच्या आयुष्याचे टप्पे अधिक स्पष्ट केले. कित्येक वर्षे जगभर जी प्रत फिरली ती मुख्यतः हीच, सुमारे 73 मिनिटांची. पुण्यात माझ्या वाट्याला आली तीही हीच. आर्मेनियन आवृत्ती तिच्याहून काही मिनिटांनी मोठी आहे. पाराजानोव यांनी मनात धरलेला पहिला 'सायत नोवा' मात्र आज कोणालाच पाहता येत नाही, आणि त्याच्या जवळात जवळ जायचे तर या दोन्ही आवृत्त्या हाताशी हव्यात.

2014 साली या चित्रपटाचे पुनरुज्जीवन झाले. मार्टिन स्कॉर्सेसी यांनी स्थापन केलेल्या द फिल्म फाउंडेशनने इटलीतील चिनेतेका दी बोलोन्या या चित्रपट-संग्रहालयाच्या साहाय्याने आर्मेनियन आवृत्ती नव्याने सिद्ध केली आणि ती त्याच वर्षी कान महोत्सवात दाखवली गेली. पुढे 2018 साली तिच्या ब्लू-रे डिस्क निघाल्या. अमेरिकेत क्रायटेरियनने काढली, ब्रिटनमध्ये सेकंड साइटने काढली. ब्रिटिश संचात युत्केविच यांची आवृत्तीही दिलेली होती, त्यामुळे तो मला हवाच होता. क्रायटेरियनच्या डिस्कवर जाणकारांचे भाष्य आणि पाराजानोव यांच्यावरचे माहितीपट होते, त्यामुळे तीही सोडवेना.

इथून पुढचा भाग ज्यांना असा संग्रह करायचा आहे त्यांच्यासाठी मुद्दाम नीट लिहितो. ब्लू-रेच्या विक्रीसाठी जगाचे ए, बी आणि सी असे तीन प्रदेश पाडलेले आहेत. अमेरिका ए मध्ये येते, युरोप बी मध्ये आणि भारत सी मध्ये. अमेरिकी डिस्क ए साठी व ब्रिटिश डिस्क बी साठी कुलूपबंद असल्याने आपल्या दुकानात मिळणाऱ्या साध्या प्लेअरवर दोन्हीपैकी एकही चालत नाही. डीव्हीडीची विभागणी आणखी निराळी आहे, तिथे भारत पाचव्या विभागात मोडतो. संगणकात डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर त्याचा विभाग फक्त पाच वेळा बदलता येतो आणि मग तो कायमचा ठरून जातो. डिस्क घेण्याआधी तिच्या मागच्या बाजूचे प्रदेशचिन्ह पाहणे म्हणूनच किमतीपेक्षाही महत्त्वाचे. मी अखेर मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाऊन सर्व प्रदेशांच्या डिस्क चालवणारा प्लेअर घेतला. तो साध्या प्लेअरच्या कितीतरी पट महाग पडला, पण त्यानंतर कोणत्याही देशातली डिस्क मागवताना मनात धास्ती राहिली नाही. टपालाने मागवलेल्या संचावर सीमाशुल्क भरावे लागते आणि ते कधी कधी डिस्कच्या किमतीच्या जवळ जाते, हेही आधीच हिशेबात धरावे. परदेशातून कोणी येणार असेल तर त्याच्या सामानातून मागवणे केव्हाही बरे. अविदादाच्या बॅगेतून लोणच्याच्या बरण्या तिकडे गेल्या आणि डिस्क इकडे आल्या, हा क्रम आमच्या घरी आता रूढच झाला आहे.

दोन्ही आवृत्त्या हाती आल्यावर मी त्या शेजारी शेजारी ठेवून पाहायला सुरुवात केली. टीव्हीवर आर्मेनियन आवृत्ती, लॅपटॉपवर युत्केविच यांची, आणि पुढ्यात आखीव वही. वहीच्या डाव्या पानावर एका आवृत्तीतल्या चौकटी क्रमाने लिहायच्या, उजव्या पानावर दुसरीतल्या, आणि जिथे क्रम तुटतो तिथे रेघ ओढायची. हे काम फार सावकाश होते. एका बैठकीत दहा मिनिटांचा भागही पुरा होत नसे. पण त्या संथपणातच हा चित्रपट मला वाचता येऊ लागला. युत्केविच यांच्या आवृत्तीत आपण बालपण, दरबार, मठ, वार्धक्य असे टप्पे मनातल्या मनात मोजत राहतो. आर्मेनियन आवृत्तीत ती सोय कमी आहे, आणि म्हणून वस्तूंकडे लक्ष अधिक जाते. प्रेयसी चेहऱ्यासमोर धरते ती लेस, मोराचे पीस, शिंपला, हे सगळे पुन्हा पुन्हा, थोड्या फरकाने येते. त्याच वस्तू परत आल्या की आधीच्या चौकटीचा अर्थ बदलतो, जसे गवई एकाच सुरावर निरनिराळ्या वाटांनी येतो आणि दर वेळी तो सूर निराळा लागतो. युत्केविच यांच्याविषयी काही समीक्षक कठोर लिहितात. ते मला पटत नाही. त्यांच्या कात्रीमुळे निदान हा चित्रपट सोव्हिएत संघाबाहेर पोहोचला, नाहीतर पुण्यातल्या त्या खेळाला मी काय पाहिले असते? पण पाहण्याची खरी शिस्त शिकवते ती आर्मेनियन आवृत्तीच.

या अभ्यासात एक प्रसंग मी सर्वांत अधिक वेळा पाहिला आहे. कवीच्या बालपणाच्या भागात वादळपावसाने मठातली पुस्तके भिजतात. ती जड दगडांखाली दाबून त्यांतले पाणी काढले जाते, मग एकेक ग्रंथ शिडीवरून छपरावर नेऊन उन्हात उघडा ठेवतात, आणि उतरत्या छपरावर अंथरलेल्या असंख्य पुस्तकांची पाने वाऱ्याने फडफडू लागतात. मध्ये तो मुलगा पडून आहे. पुस्तके जपली पाहिजेत आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ती मोठ्याने वाचली पाहिजेत, असे एक वडीलधारा त्याला सांगतो.

ऑगस्ट 2019 मध्ये हा प्रसंग आमच्या गच्चीवर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट मानतात, त्या वर्षी पाणी 57 फुटांपर्यंत गेले. आमचे घर गावभागात आहे. आम्ही विश्रामबागला बहिणीकडे गेलो ते अंगावरच्या कपड्यांनिशी, आणि परतलो तेव्हा तळमजल्यावरचे कपाट चिखलाने माखलेले होते. कारखान्यात छापून निघालेल्या डिस्क बहुतेक सर्व वाचल्या. स्वच्छ पाण्यात बुडवून गाळ सुटू दिला आणि मऊ सुती कापडाने मधल्या छिद्राकडून कडेकडे सरळ रेषेत पुसल्या की त्या पुन्हा चालू लागतात. गोल गोल पुसले तर मात्र पडणारा ओरखडा डिस्कच्या वाचनरेषेतच पडतो. घरी संगणकावर लिहिलेल्या डिस्कची गोष्ट वेगळी. त्यांतली माहिती रंगद्रव्याच्या थरात असते, आणि माझ्या तशा डिस्कचा वरचा थर पापुद्र्यासारखा निघून आला.

खरा घोर होता तो पुस्तिकांचा. ब्रिटिश संचासोबतची पुस्तिका गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेली होती. असा कागद भिजून तसाच वाळला तर त्याच्यावरचा लेप एकमेकांना चिकटतो आणि पुस्तकाची वीट होते. शेजारच्या गल्लीतले बाइंडिंगवाले काका स्वतःचे दुकान उपसत होते, तरी त्यांनी हात थांबवून मला बजावले, "वाळायची वाट बघू नका, ओली आहेत तोवरच पानं सोडवा. एक पान, मधे कोरा कागद, परत एक पान. आणि कागद दर तासाला बदला." त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आम्ही तिघे जण दोन रात्री तेच करीत बसलो. ऊन पडले तशी घरातली सगळी पुस्तके गच्चीवर अंथरली. आमच्याच नव्हे, आजूबाजूच्या बहुतेक गच्च्यांवर त्या आठवड्यात पुस्तके, वह्या, दप्तरे, लग्नाचे अल्बम उघडे पडलेले होते. आमच्या वरच्या मजल्यावरचे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक माझ्या शेजारी उभे राहून ते पाहत होते. त्यांना मी त्या प्रसंगाविषयी सांगितले, तेव्हा वीज आल्यावर तो दाखवायचाच, असे त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतले.

त्यातूनच आमच्या घरच्या खेळांना सुरुवात झाली. सरांनी पहिल्याच दिवशी एक अट घातली. चित्रपट सलग पाहायचा नाही, एक प्रकरण पाहून थांबायचे आणि प्रत्येकाने काय दिसले एवढेच सांगायचे, अर्थ सांगायचा नाही. ही अट मला फार मोलाची वाटते. 'याचा अर्थ काय' या प्रश्नाने असे चित्रपट पाहणाऱ्याची निम्मी दृष्टी जाते. सरांनी स्वतः सांगितलेले निरीक्षण असे होते की चौकटीत खोली जवळजवळ नाही, पण पोत अतोनात आहे. लोकर, दगड, लोखंड, पिसे, ओले कापड यांचा स्पर्श डोळ्यांना होतो. पाराजानोव यांनी 1967 साली हाकोब होवनातान्यान या एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारावर लघुपट केला होता. त्या चित्रकाराच्या व्यक्तिचित्रांतले हात, दागिने आणि लेस त्यांनी सुटे सुटे करून दाखवले होते. पुढच्या चित्रपटातली नजर तिथेच तयार झाली, हे सरांना तो लघुपट दाखवल्यावर त्यांनी न सांगता ओळखले.

पुढच्या एका खेळाला मिरजेचे एक सतारमेकर आले. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तंतुवाद्ये घडतात. सायत नोवाचे वाद्य कमान्चा, म्हणजे गजाने वाजवायचे, गोल पोटाचे, चामडे मढवलेले. ते पडद्यावर आले तसे ते पुढे सरकून बसले आणि पुढचा सगळा वेळ त्यांनी चित्रपट पाहिला म्हणण्यापेक्षा ऐकला. तिग्रान मन्सूर्यान यांच्या ध्वनिरचनेत गाण्याइतकीच हत्यारांची, दगडांची, पाण्याची चाहूल आहे, हे मी वाचून जाणत होतो. त्यांनी ते ऐकून सांगितले. शेवटाकडे एक गवंडी चर्चच्या भिंतीत मातीचे घडे बसवत असतो आणि वृद्ध कवीला, गा, असे फर्मावतो. मी इतकी वर्षे त्या घड्यांकडे केवळ एक सुंदर आकार म्हणून पाहत आलो होतो. ते मात्र लगेच म्हणाले, "अहो, हे घडे आवाजासाठी आहेत. आम्ही तंबोऱ्याला पंढरपूरकडचा भोपळा लावतो, तसं ह्यांनी अख्ख्या देवळाला पोट लावलंय. म्हणून तर गवंडी त्याला गायला सांगतोय, घडा नीट बसलाय का बघायला!"

जुन्या चर्चच्या भिंतींत आवाज घुमावा म्हणून घडे चिणण्याची पद्धत खरोखरच होती. ती माहिती लक्षात घेतली की पुढचा क्षण अंगावर येतो, कारण तोच गवंडी त्यानंतर कवीला, मर, असेही सांगतो. गायकाचे शरीर जाते आणि त्याचा आवाज भिंतीत राहतो. त्या रात्री मी तो भाग दोन्ही आवृत्त्यांत पुन्हा लावला आणि वहीत त्या पानाच्या समासात सतारमेकरांचे वाक्य जसेच्या तसे लिहून ठेवले. माझ्याकडच्या डिस्कवरच्या जाणकारांच्या भाष्यांइतकेच वजन मी त्या वाक्याला देतो.

हा चित्रपट पूर्ण झाल्यावर पाराजानोव यांना फार काळ मोकळे काम करता आले नाही. डिसेंबर 1973 मध्ये त्यांना अटक झाली आणि चार वर्षे ते तुरुंगात होते. तिथे कागदाचे तुकडे, बाटल्यांची झाकणे, जे मिळेल त्यातून त्यांनी कोलाज केले. त्यांतले कितीतरी आज येरेवानच्या त्यांच्या संग्रहालयात आहेत. त्यांचा पूर्ण झालेला शेवटचा चित्रपट 'आशिक केरिब' 1988 सालचा. त्याचा नायकही असाच भटका गायक आहे आणि त्याच्या हातात साझ हे तंतुवाद्य आहे. त्याची डिस्क अविदादा दिवाळीला घेऊन येणार आहे. ती सांगलीत न लावता प्लेअर उचलून मिरजेलाच न्यायचा, सतारमेकरांच्या कारखान्यात, असे आमचे ठरले आहे, कारण साझची मान आणि पोट कसे जोडले आहे ते चित्र थांबवून पाहताना त्यांना हाताशी हत्यारे हवी आहेत.